पेशींची पानगळ



शिशिर सरत आला की पिंपळाखाली पानांचा खच पडतो. पान वाऱ्याने तुटते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. देठाच्या मुळाशी झाड स्वतःच पेशींचा एक पातळ थर तयार करते, पानातील उपयुक्त द्रव्ये आधी खोडाकडे ओढून घेते, देठ सुटल्यावर उघडी पडणारी जागा बुजवण्याची सिद्धता करते आणि मग पानाला सोडून देते. वारा हे केवळ निमित्त. वादळात फांदी मोडते तेव्हाची गोष्ट वेगळी. तेथे साल फाटते, चीक वाहतो आणि ती जखम पुढे कित्येक महिने दिसत राहते.

मानवी शरीरातील पेशींनाही हे दोन्ही प्रकारचे मरण येते. भाजले, चेंगरले, रक्तपुरवठा एकाएकी तुटला की पेशी फुगते, फुटते, तिच्यातील द्रव्ये आसपास सांडतात आणि तो भाग लाल होऊन सुजतो. हे मोडलेल्या फांदीचे मरण. दुसरे मरण मात्र निमूट आहे. पेशी आक्रसते, तिच्या केंद्रकातील गुणसूत्रांचे पद्धतशीर तुकडे होतात, पेशीच्या लहान लहान पुरचुंड्या बनतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. ना सूज, ना पू, ना वण. जॉन केर या विकृतिशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात उंदरांच्या यकृताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना हे निमूट मरण टिपले. पुढे स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात अँड्र्यू वायली आणि ॲलेस्टर करी यांच्यासह त्याने १९७२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. या मरणाला नाव हवे होते. ते सुचवले त्याच विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी. झाडावरून पान किंवा फुलाची पाकळी गळणे यासाठी प्राचीन ग्रीक भाषेत असलेला शब्द त्यांनी दिला : ॲपॉप्टोसिस. वैद्यकाच्या प्रयोगशाळेने शब्दासाठी भाषेच्या प्राध्यापकाचे दार ठोठवावे, ही गोष्ट कलाशाखेकडे नाके मुरडणाऱ्या पालकांनी ऐकून ठेवावी अशी आहे.

मराठीत याला पेशींचा नियोजित मृत्यू म्हणता येईल. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज साधारणतः ५,००० कोटी पेशी या मार्गाने जातात, असा अंदाज सांगितला जातो. तेवढ्याच नव्या येतात, म्हणून काही उणे झाल्याचे जाणवत नाही. गर्भातील बाळाचा हात आरंभी वल्ह्यासारखा असतो. बोटांच्या मधल्या पेशी नेमक्या वेळी मरतात म्हणून पाच बोटे सुटी होतात. पावसाळ्यात डबक्यात वळवळणाऱ्या बेडकाच्या पिलाची शेपटी तुटून पडत नाही. ती आतल्या आत विरते, तिच्या पेशी याच रीतीने मरतात. आणि त्या मरणाचा आदेश देते पिलाच्या गळ्याजवळची अवटू ग्रंथी, जिला आपण सर्रास थायरॉइड म्हणतो. १९१२ मध्ये गुडरनाट्श या संशोधकाने बेडकाच्या लहान पिलांना प्राण्यांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ती पिले वेळेआधीच शेपटी टाकून चिमुकले बेडूक झाली. ज्या ग्रंथीच्या कर्करोगाविषयी आज बोलायचे आहे, तिचा पेशींच्या मरणाशी असा जुना संबंध आहे.

पेशीच्या या मरणाला बलिदान म्हणावे, हौतात्म्य म्हणावे, असा मोह वक्त्यांना नेहमी होतो. तो आवरलेला बरा. पेशीला हेतू नसतो, निष्ठाही नसते. तिच्यात काही प्रथिने असतात आणि ती विशिष्ट क्रमाने एकमेकांना जागी करतात, इतकेच. पण हे ‘इतकेच’ समजायला शास्त्रज्ञांना तीस वर्षे लागली आणि त्यातूनच आजच्या औषधांचा मार्ग निघाला.

तो उलगडा झाला एका मिलिमीटरभर लांबीच्या, पारदर्शक कृमीत. या कृमीच्या वाढीत १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. प्रौढ कृमीत ९५९ उरतात. दर वेळी त्याच १३१, त्याच क्रमाने. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉरविट्झ यांनी या मरणाची जनुके शोधली आणि २००२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मरणाची जनुके कृमीत आहेत, तशी माणसातही आहेत, हे स्पष्ट झाल्यावर कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. तोवर कर्करोग म्हणजे पेशींची बेफाम वाढ, एवढीच व्याख्या होती. रक्तपेशींच्या एका कर्करोगात सापडलेले ‘बीसीएल-२’ नावाचे जनुक पेशीची वाढ अजिबात करीत नाही, ते फक्त तिचे मरण रोखते, असे १९८८ मध्ये दिसून आले. जन्म वाढल्याने लोकसंख्या फुगते, तशी मृत्यू थांबल्यानेही फुगते. कर्करोगात बहुधा दोन्ही घडते.

आता थायरॉइडकडे वळू. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी पसरलेली, १५ ते २० ग्रॅम वजनाची ही ग्रंथी. तिच्यातील पेशींना एक असा हव्यास आहे की त्या हव्यासावर गेली ऐंशी वर्षे एक संपूर्ण उपचारपद्धती उभी आहे. तो हव्यास आयोडीनचा. रक्तात आयोडीन अत्यल्प असते. या पेशी ते ओढून घेऊन आपल्याकडे साठवतात. त्यासाठी पेशीच्या आवरणात एक वाहक प्रथिन असते. ते सोडियमच्या जोडीने आयोडीनला आत घेते. त्याला बोलीत द्वारपाल म्हणू.

बारा नोव्हेंबर १९३६. अमेरिकेतील बॉस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचे डॉक्टरांपुढे व्याख्यान होते. विषय होता, भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील सॉल हर्ट्झ हा थायरॉइडवर काम करणारा तरुण डॉक्टर उठला आणि त्याने विचारले, की आयोडीनला कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल का? कॉम्प्टन यांना तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. त्यांनी चौकशी केली आणि महिनाभराने पत्राने होकार कळवला. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांना आपल्याकडे आभारप्रदर्शनाआधीचा उपचार समजले जाते. या एका प्रश्नाने मात्र पुढे लाखो रुग्णांचे आयुष्य बदलले.

पुढच्याच वर्षी हर्ट्झ आणि भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांवर प्रयोग सुरू केले. तेव्हा हाती असलेले किरणोत्सारी आयोडीन २५ मिनिटांत निम्मे होत असे. सशाच्या गळ्यापर्यंत पोचेपोचेतो त्याचा जोर सरायचा. १९३८ मध्ये ग्लेन सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी कॅलिफोर्नियात आयोडीन-१३१ हा समस्थानिक मिळवला. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. उपचारासाठी हा काळ फार सोयीचा. पेशीत पोचून काम करण्याइतका दीर्घ आणि काम झाल्यावर नाहीसे होण्याइतका अल्प. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यायला सुरुवात केली.

कर्करोगावरचा प्रयोग त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये झाला. माँटेफिओर रुग्णालयातील सॅम्युएल सीडलिन यांच्याकडे एक चमत्कारिक रुग्ण आला. त्याची थायरॉइड ग्रंथी अनेक वर्षांपूर्वीच कापून काढलेली होती. तरीही थायरॉइडचे संप्रेरक अतोनात वाढल्याची सगळी लक्षणे त्याच्यात होती. वजन उतरलेले, छाती धडधडणारी. ग्रंथीच नाही, तर संप्रेरक येते कोठून? मूळ ग्रंथीतील कर्करोगाच्या पेशी शरीरात इतरत्र जाऊन रुजल्या होत्या आणि त्या नव्या ठिकाणीही त्यांनी आपला मूळ धंदा सोडलेला नव्हता. त्या आयोडीन ओढत होत्या, संप्रेरक बनवत होत्या. सीडलिन यांनी त्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजले. ते शरीरभर विखुरलेल्या नेमक्या त्याच गाठींत जाऊन बसले. रुग्णाची प्रकृती सुधारली. १९४६ मध्ये हा वृत्तांत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला आणि तो मोठ्या कुतूहलाने वाचला गेला. कर्करोगाच्या पेशीला तिच्या स्वभावानेच पकडता येते, हे प्रथमच दिसले होते.

पकडल्यावर पुढे काय होते? आयोडीन-१३१ मधून बीटा कण बाहेर पडतात. त्यांची धाव जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्यामुळे ज्या पेशीने आयोडीन घेतले ती आणि तिच्या अगदी लगतच्या पेशी, एवढ्यांनाच त्यांचा मार बसतो. हे कण केंद्रकातील डीएनएचे दोन्ही पदर तोडतात. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्यावरून तो सांधते. दोन्ही तुटले की कठीण. येथे ‘पी-५३’ हे प्रथिन पुढे येते. नुकसान कळताच ते आधी पेशीचे विभाजन थांबवते, दुरुस्तीला अवधी देते. दुरुस्ती आवाक्याबाहेरची असेल तर तेच प्रथिन मरणाची जनुके चालू करते. मग पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणाला छिद्रे पडतात. त्यांतून ‘सायटोक्रोम-सी’ हे द्रव्य बाहेर झिरपते. एरवी हेच द्रव्य पेशीला जगवणाऱ्या ऊर्जेच्या साखळीतील एक कडी असते. स्थान सोडून बाहेर आले की ते मरणाचा निरोप बनते. त्या निरोपाने ‘कॅस्पेज’ नावाची प्रथिने कापणारी विकरे एकामागून एक जागी होतात आणि पेशीची आतून आवराआवर सुरू होते. शेवटी पेशीच्या आतल्या अंगाला असणारा एक स्निग्ध घटक बाहेरच्या अंगावर येतो. ती भक्षक पेशींसाठी खूण असते : हिला उचला.

सगळ्याच पेशी या वाटेने जात नाहीत. किरणांनी जखमी झालेली एखादी पेशी काही आठवडे तशीच राहते आणि पुढे विभाजनाचा प्रयत्न करताना तुटक्या गुणसूत्रांच्या गुंत्यात सापडून मरते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या पेशी सावकाश विभागतात, म्हणूनच या उपचाराचा परिणाम दिवसांत नव्हे तर महिन्यांत दिसतो. उपचार घेऊन आलेल्या रुग्णाच्या घरी ‘अजून फरक कसा नाही’ म्हणून जी घालमेल चालते, तिला हे कारण आहे.

याच आयोडीन-१३१ ची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि हेच आयोडीन वाऱ्याबरोबर युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या काही भागांवर पसरले. ते गवतावर बसले, गवत गाईंनी खाल्ले, दूध मुलांनी प्यायले. बालकांच्या चिमुकल्या थायरॉइडमध्ये ते साठले. पुढील दोन दशकांत त्या मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले. ज्या आयोडीनने कर्करोग बरा होतो त्यानेच तो झाला कसा? उत्तर पेशीच्या मरणात आहे. उपचारात दिली जाणारी मात्रा इतकी मोठी असते की पेशी मरतेच. त्या मुलांच्या पेशींना मिळालेला मार पुष्कळांशी मारण्याइतका नव्हता. डीएनए तुटला आणि चुकीच्या ठिकाणी सांधला गेला. पेशी जगली आणि ती चूक घेऊन वाढत राहिली. मरायला हवी होती ती पेशी मेली नाही, म्हणून कर्करोग झाला. शेजारच्या पोलंडने अपघातानंतर काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साधे आयोडीन पाजले. ग्रंथी आधीच भरलेली असेल तर द्वारपाल किरणोत्सारी आयोडीन फारसे आत घेत नाही, हा त्यामागचा विचार होता.

भारतात या उपचाराची गंगोत्री मुंबईत आहे. तुर्भ्याच्या अणुशक्ती आस्थापनेने, जिला आपण १९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, १९६३ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारी रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. थायरॉइडचे रुग्ण देशभरातून तेथे येऊ लागले. अणुभट्टीत टेल्युरियम या मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातून आयोडीन-१३१ निपजते. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘ध्रुव’ ही अणुभट्टी अशा समस्थानिकांचे मोठे उगमस्थान ठरली. आठ दिवसांत निम्मे होणाऱ्या औषधाचा साठा करता येत नाही, ते दुकानाच्या फळीवर ठेवता येत नाही. शिशाच्या जाड डबीतून ते दर खेपेला ताजे पाठवावे लागते. गाडी वा विमान चुकले की औषधही कमी झाले. भट्टीपासून रुग्णाच्या पेल्यापर्यंतची ही घाई रुग्णाला कधी दिसत नाही.

रुग्णाला जे दिसते ते असे. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढली जाते. त्यानंतर तीन-चार आठवडे थायरॉइडची गोळी बंद ठेवावी लागते, किंवा ते टाळण्यासाठी एक महागडे इंजेक्शन घ्यावे लागते. गोळी बंद झाली की अंग जड होते, चेहरा सुजतो, थंडी वाजते, विनाकारण रडू येते. घरच्यांना वाटते की आजार वाढला. प्रत्यक्षात ते हेतुपुरस्सर घडवलेले असते. संप्रेरक कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला जागे करणारे संप्रेरक ओतू लागते आणि त्यामुळे उरल्यासुरल्या कर्करोगपेशींचा द्वारपाल तत्पर होतो. त्याच काळात आयोडीनयुक्त मीठ, सागरी मासळी, दूधदुभते, अंड्याचा बलक बंद. पेशींना उपाशी ठेवायचे आणि मग भुकेल्या पेशींपुढे विषाचा घास ठेवायचा, अशी ही योजना आहे. कोकणातल्या घरात मासळी बंद आणि देशावरच्या घरात ताक बंद. घरच्यांना हे पथ्य सांभाळणे औषधाहून अवघड वाटते.

मग एका स्वतंत्र खोलीत रुग्णाला आयोडीनचा घोट किंवा कॅप्सूल दिली जाते आणि दार लावले जाते. जेवण दाराशी ठेवले जाते. परिचारिका दुरूनच विचारपूस करते. लाळग्रंथींतही हाच द्वारपाल थोड्या प्रमाणात असतो, त्यामुळे त्यांनाही मार बसतो. काहींच्या तोंडाला कायमची कोरड पडते. मल-मूत्र साध्या गटारात न सोडता टाक्यांत साठवून ठेवतात. दर आठ दिवसांनी निम्मे होत होत ८० दिवसांत त्यातील किरणोत्सार हजारावा भाग उरतो. शरीराबाहेर मोजलेला किरणोत्सार ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावर, साधारणतः दोन-तीन दिवसांत, रुग्ण घरी जातो. पण घरीही काही दिवस वेगळे झोपायचे, लहान मुलांना आणि गर्भवतींना जवळ घ्यायचे नाही. हा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि पुष्कळदा तो तिशी-चाळिशीत येतो. म्हणजे बहुतेकींच्या घरी कडेवर येण्याचा हट्ट धरणारे कोणी ना कोणी असते. अंगावर पिणारे मूल असेल तर ते आधीच तोडावे लागते. डॉक्टरांच्या कागदावर या गोष्टी एका ओळीत असतात.

थायरॉइडच्या कर्करोगांपैकी दहात आठांहून अधिक ‘पॅपिलरी’ या प्रकारचे असतात आणि ते बहुधा आटोक्यात येतात. येथे एक इशारा आवश्यक आहे. दक्षिण कोरियात तपासणीची लाट आली तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाची निदाने १५ पट झाली. मृत्यूंची संख्या मात्र होती तेथेच राहिली. याचा अर्थ, आयुष्यभर गप्प बसल्या असत्या अशा असंख्य लहान गाठी शोधून कापल्या गेल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात कमी धोक्याच्या सातशेहून अधिक रुग्णांचे दोन गट करण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर एका गटाला किरणोत्सारी आयोडीन दिले, दुसऱ्याला दिले नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांतील सुमारे ९६ टक्के रुग्ण सारखेच ठीक होते. तेव्हा ‘आम्हाला आयोडीन का दिले नाही’ म्हणून डॉक्टरांशी भांडणाऱ्या नातेवाइकांनी थोडे थांबावे. न देणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो.

खरी लढाई आहे ती उरलेल्या थोड्या रुग्णांची, ज्यांच्या पेशी आयोडीन घेणे सोडून देतात.

या पेशींमध्ये काय बिघडते? पॅपिलरी कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ‘बीराफ’ नावाच्या जनुकात एक लहानसा बदल आढळतो. प्रथिनाच्या साखळीतील ६००व्या जागेवरचा एक घटक बदललेला असतो. एवढ्या बदलाने पेशीतील वाढीची कळ दाबलेलीच राहते. तिचे दोन परिणाम होतात. एक, द्वारपाल प्रथिन बनणे मंदावते, म्हणजे आयोडीनला दार बंद. दोन, मरणाचा निरोप देणाऱ्या ‘बिम’ या प्रथिनाची पेशी परस्पर विल्हेवाट लावते, म्हणजे मरणालाही दार बंद. एकाच कडीने दोन्ही दारे लावली जातात. आणि सर्वांत भयंकर अशा ‘ॲनाप्लास्टिक’ प्रकारात याहून पुढची गोष्ट घडते. तेथे पुष्कळदा ‘पी-५३’ हेच नष्ट झालेले असते. आयोडीन आत जात नाही आणि डीएनए तुटला तरी तुटल्याची दखल घेणारे कोणी उरत नाही. हा प्रकार दुर्मीळ आहे, बहुधा उतारवयात येतो. गळ्याची गाठ आठवड्या-आठवड्याने वाढते, आवाज बसतो, श्वास कोंडतो. अशा रुग्णांचे उरलेले आयुष्य निदानानंतर महिन्यांत मोजले जाई.

कडी एकच असेल तर ती काढता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील संशोधकांनी आयोडीन घेणे थांबलेल्या २० रुग्णांना ‘सेलुमेटिनिब’ हे वाढीची साखळी रोखणारे औषध काही आठवडे दिले. १२ जणांच्या गाठी पुन्हा आयोडीन ओढू लागल्या. त्यांपैकी आठ जणांना उपचार करण्याजोगी मात्रा पोचू शकली. पाचांच्या गाठी आकसल्या, तिघांच्या वाढायच्या थांबल्या. बंद झालेले दार उघडले होते. मात्र शस्त्रक्रियेनंतर धोका अधिक असलेल्या सरसकट रुग्णांना हेच औषध आयोडीनच्या जोडीने दिले, तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. २०२२ च्या अहवालात औषध घेतलेल्यांचे आणि न घेतलेल्यांचे आकडे जवळपास सारखेच निघाले. वृत्तपत्रांतून पहिली बातमी ठळक येते, दुसरी येतच नाही, म्हणून दोन्ही एकत्र सांगितल्या.

ॲनाप्लास्टिक प्रकारात ‘बीराफ’चा तोच बदल असलेल्या रुग्णांना ‘डॅब्राफेनिब’ आणि ‘ट्रामेटिनिब’ या दोन औषधांची जोडी देण्यात आली. पहिल्या १६ रुग्णांपैकी ११ जणांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत या जोडीला मान्यता मिळाली. पुढे ३६ रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा निम्म्याहून अधिकांना गुण आला होता आणि मध्यम आयुर्मान साडेचौदा महिने निघाले. चौदा महिने म्हणजे काय, हे ज्याला आधी चार-पाच महिने सांगितले होते त्याच्या घरच्यांनाच कळेल. हा विजय नव्हे. कालांतराने पेशी दुसरी वाट शोधतात आणि औषध निष्प्रभ होते. मरणाची यंत्रणा थेट चालू करणारी औषधे रक्ताच्या काही कर्करोगांत २०१६ पासून वापरात आली आहेत. थायरॉइडमध्ये तसे प्रयोग अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेत आहेत. काचेच्या बशीत पेशी मारणे सोपे असते. तीच गोष्ट शेजारची निरोगी पेशी न दुखावता शरीरात करणे फार कठीण.

आणि ज्यांच्या पेशी आयोडीन घेतात, मरतात, त्यांना ते कळते कसे? निमूट मरणाची मोठी अडचण हीच, की ते मागे काही ठेवत नाही. वण नाही, दुखणे नाही. त्यासाठी रक्तातील ‘थायरोग्लोब्युलिन’ मोजतात. हे प्रथिन केवळ थायरॉइडच्या पेशीच बनवतात. ग्रंथी काढली, आयोडीन दिले आणि एकही पेशी उरली नाही, तर ते रक्तात सापडायला नको. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने, पुढे कित्येक वर्षे रुग्ण दंड पुढे करतो, नळीभर रक्त देतो आणि संध्याकाळी अहवालाची वाट पाहतो. पाकीट उघडल्यावर घरातले सगळे एकच आकडा शोधतात, आणि तो जितका शून्याजवळ असेल तितक्या लवकर चहाचे आधण ठेवले जाते.